केळीचे पांघरूण
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



परसातल्या केळीविषयी मी चार शब्द बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी शेतकी शिकलेली नाही. २०१६ च्या उन्हाळ्याने जे शिकविले तेवढेच सांगते.

त्या एप्रिलात मिरजेचे पाणी आगगाडीने आपल्या धाराशिवावरून लातूरला गेले, हे आपणांस आठवत असेलच. आमच्या गल्लीत टँकर येई तेव्हा झुंबड उडे. माणसांना पुरेना, तेथे केळीला काय घालणार? धान्य-भाजी धुतलेले पाणी, एवढाच तिचा वाटा. तेही सकाळी घातले की दुपारी आळे कोरडे आणि काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा! आळे मात्र लख्ख झाडलेले असे. परसात पान दिसले की गृहिणी आळशी, ही सासूबाईंची शिस्त.

केळीची पाने केवढाली, आणि मुळे मात्र बहुतेक वरच्या हातभर मातीतच. जो थर उन्हाने आधी तापावा, त्यातच तिचे अन्नपाणी. म्हणून मी उसाचे पाचट आणि केळीचीच वाळकी पाने आणून तीन केळींच्या आळ्यांत वीतभर जाड पसरली. (करप्याची रोगट पाने घालू नयेत.) चौथी दाराशी, सासूबाईंच्या डोळ्यांसमोर, ती उघडीच राहिली.

पहिल्यांदा मी चुकले. पाचट बुंध्याला भिडवले, आणि एकीचा बुंधा ओलाव्याने मऊ पडू लागला. तेव्हापासून बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवते. वाळवी लागली का, तेही उचलून पाहते. दुसरे असे की, भुरभुर पाऊस पाचटच पिऊन टाकते. वरून ओले दिसले तरी खाली बोट घालून ओल पाहावी. पाचट कुजू लागले की वर थोडा शेणकाला शिंपडावा.

मे अखेरीस दाराशी असलेल्या केळीचा पोंगाच सुकला. उरलेल्या तिघी मरगळल्या खऱ्या, पण पाचटाखालची माती मुठीत धरली तर गोळा होई. मृगाच्या पावसावर तिघींनी नवे पान सोडले.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी अंगण झाडता झाडता सूपभर पालापाचोळा घेऊन परसात आल्या आणि म्हणाल्या, "हे कुठं टाकू गं? बुंध्यापासून लांब ना?"