गोळीची जात
(किनवट येथील भाषण)



मी गोदीतला हमाल. गोणीवर कुणाचं नाव छापलंय म्हणून हमाली वाढत नाही. पण इथं किनवटात मायच्या साखरेच्या गोळीचं तसं नाही. औषध एकच, मेटफॉर्मिन. डॉक्टर चिठ्ठीवर कंपनीनं ठेवलेलं नाव लिहितो; दुकानदाराला ते बदलून द्यायची कायद्यानं मुभा नाही. नाव मोठं, भाव मोठा.

१९९५च्या आदेशात सरकार भाव बांधताना उत्पादनखर्च धरत होतं. २०१३च्या आदेशानं खर्च सोडला. आवश्यक औषधाच्या बाजारात एक टक्का तरी वाटा असलेल्यांच्या भावांची सरासरी काढायची, वर दुकानदाराचे १६ टक्के. म्हणजे लुटणाऱ्यालाच विचारून लुटीची हद्द आखली!

नावावरून माणसाची किंमत करणारा हा देश गोळीलाही जात लावतो. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव मागा. आणि विचारा, गोळी बनवायला खर्च किती?