तीन काझी आणि गावचा मास्तर



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले पुष्कळजण उद्या मास्तर होणार. कुणी मुखेडला, कुणी उदगीरला, कुणी सीमेपलीकडं मदनूरला. म्हणून आज शिक्षकांबद्दलच बोलतो, पण ज्या समाजाचा माणूस तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल, त्या समाजाच्या शिक्षकांबद्दल. घरात मराठी बोलणारे, आपल्यासारखीच गावावरून आडनावं लावणारे हे लोक: रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर. कोकणातले यहुदी, बेने इस्रायल.

पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, असं ते परंपरेनं सांगतात. पुढं ते खेडोपाडी पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. हाताशी ग्रंथ नव्हते, हिब्रू विसरली गेली, शिकवणारं कुणी उरलं नव्हतं.

अशा वेळी दाविद रहाबी नावाचा गुरू त्यांच्यात आला. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पुष्कळजण तो अठराव्या शतकातला, कोचीनचा मानतात. हे लोक खरंच यहुदी आहेत का, हे पाहायला त्यानं बायकांपुढं मासळी ठेवली, अशी कथा आहे. बायकांनी खवल्यांची मासळी घेतली आणि बिनखवल्यांची बाजूला सारली. आम्ही ही खात नाही, म्हणाल्या. यहुदी धर्मशास्त्राचा नियम तोच. पोथी हरवली होती, पण नियम चुलीपाशी शिल्लक होता.

मला या कथेत मोठं शिक्षणशास्त्र दिसतं. रहाबीनं शिकवायला सुरुवात करण्याआधी त्यांना काय येतं ते पाहिलं. मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतली तीन माणसं निवडून त्यांना तयार केलं. त्यांना काझी म्हणत. गावोगाव फिरून ते लग्नं लावत, धर्मविधी करत, तंटे मिटवत. बाहेरचा गुरू कायम राहणार नव्हता, म्हणून त्यानं गावातलीच माणसं उभी केली. समाज टिकला तो या निर्णयामुळं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण नुसती माणसं निवडून भागत नाही, त्यांना रसदही लागते. ती एकोणिसाव्या शतकात मिळाली. 1826 च्या सुमारास कोचीनचे यहुदी शिक्षक मुंबईत आले. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्यानं मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. समाजानं व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच राखला. 1874 साली पुण्यात वल्हांडण सणाची मराठी-हिब्रू पोथी निघाली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. ते चित्र पाहणाऱ्या मुलीला धर्म आपल्याच घरातला वाटला असणार. जोसेफ यहेज्केल राजपूरकर या हेडमास्तरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. पुढं रिबेका रूबेनबाईंनी ती 1922 पासून 1950 पर्यंत सांभाळली.

आणि कीर्तन! 1880 च्या सुमारास या मंडळींनी आपलं कीर्तन ऐकलं आणि त्याच ढंगात आपल्या धर्मग्रंथातल्या मोशे, दाविद, योसेफ यांची आख्यानं मराठीत लावली. कीर्तनकार धुंडामहाराज देगलूरकरांच्या या देगलूर गावात कीर्तनाची ताकद मी वेगळी सांगायला नको. निरक्षर आजीपर्यंत धर्म पोचवायला त्यांना आपल्या मातीतली रीत उपयोगी पडली.

आज कोकणातल्या अनेक सिनेगॉगांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं अवघड झालंय, कारण बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तरी तिथंही ती मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी चालवलं.

आता आपल्याकडं पाहा. देगलूरच्या एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं असतात, तांड्यावरचं पोर गोरमाटी बोलतं. पहिल्याच दिवशी त्याला 'काहीच येत नाही' असा शेरा मारू नका. सोयाबीनला पाणी कधी द्यायचं, बाजारात हिशेब कसा करायचा, हे त्याला येतं. तिथून सुरुवात करा.

आणि तुम्हीही एकटे पडू नका. एकशिक्षकी शाळेत नेमणूक झालेल्या नव्या मास्तरला सर्वांत जास्त खातो तो एकटेपणा. विचारायला कुणी नसतं, पुस्तकं पोचत नाहीत. प्राचार्य महोदय, माझी हात जोडून विनंती आहे: आज बाहेर पडणाऱ्या शिक्षकांसाठी ग्रंथालयाचं दार उघडं ठेवा आणि महिन्यातून एक दिवस त्यांना इथं बोलवा, त्यांच्या अडचणी ऐका. विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडं मागणं एकच. ज्या गावात शिकवाल, तिथलीच दोन मुलं शिक्षक म्हणून तयार करा, आणि त्यांतली एक मुलगी असू द्या.