मोबाइलची बॅटरी आणि आपला उन्हाळा



या व्यासपीठावरून विद्वानांनी संतवाङ्मयावर, इतिहासावर बोलावे आणि कामगार चळवळीतल्या माणसाने मोबाइलच्या बॅटरीवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. खुशाल यावे. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्यात मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. विळ्या-खुरप्यासारखे ते कामाचे अवजार झाले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सोयाबीनची नोंद शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाइलवर करायची झाली. अंगणवाडी सेविकेला मुलांची वजने नि उंची मोबाइलवरच भरावी लागतात. कळंब-भूमहून ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा गावाकडच्या म्हाताऱ्या आईशी धागा तो हाच. अशा अवजाराने भर दुपारी मान टाकली, म्हणजे कामच खोळंबते.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल परत केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. २०१९ सालचे ते फोन, रॅम अवघी दोन जीबी. ते तापतात, मध्येच अडकतात आणि दुरुस्तीचा खर्च आमच्यावर पडतो, अशी त्यांची तक्रार होती. मला ती रास्त वाटते. गिरणीत कामगाराने आपला माग घरून आणावा, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. अवजाराची झीज काम घेणाऱ्याने सोसावी, हा जुना न्याय आहे. तो मागत राहूच; पण आज जो फोन पदरात आहे, त्याची झीज कशाने होते हेही आपल्याला कळले पाहिजे. नाहीतर नवा फोन घ्या, असे दुकानदाराने म्हणायचा अवकाश, की आपण कर्ज काढायला मोकळे.

ही बॅटरी लिथियमची. १९९१ मध्ये ती जपानात प्रथम बाजारात आली. जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना तिच्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! असो. तिच्या पोटात दोन बाजू असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे शिसपेन्सिलीतले काळे द्रव्य. दुसऱ्या बाजूला धातूचे संयुग. चार्जिंग करताना लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत, वहीच्या पानांत पिंपळपान ठेवावे तसे, जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत फिरतात. प्रत्येक फेरीत थोडे कण वाटेतच अडकतात आणि ग्रॅफाइटवर त्यांचे पुट चढत जाते. अडकलेला कण पुन्हा कामाला येत नाही. बॅटरी म्हातारी होते ती अशी.

हे पुट लवकर चढविणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन : उष्णता, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली ठेवणे. दोन्ही एकत्र आल्या की विचारूच नका. आणि आपण नेमके तेच करतो. रात्री फोन चार्जरला लावतो आणि उशीखाली सारतो. फोन शंभर टक्क्यांना पोचला की आतले यंत्र प्रवाह थांबवते, हे खरे. तेवढ्याने स्फोट होत नाही. पण तो रात्रभर भरलेला नि तापलेला पडून राहतो. त्याऐवजी तो फरशीवर उघडा ठेवावा, कव्हर काढावे. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय बऱ्याच नव्या फोनांत असते. ती चालू करावी.

फोन बनविणाऱ्या कंपन्या भोवतालची हवा पस्तीस अंशांच्या आत असावी म्हणतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो! तेव्हा दुपारी पत्र्याखाली, ट्रॅक्टरच्या टपावर किंवा उन्हात उभ्या जीपमध्ये फोन चार्जिंगला लावू नये. हाताला चटका लागत असेल तर आधी सावलीत थंड होऊ द्यावा. फ्रिजमध्ये मात्र घालू नये; आत दव धरते.

बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच भरावी, हा सल्ला अजून घरोघरी ऐकू येतो. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. लिथियमला उपाशी ठेवणेही सोसत नाही. वीस टक्क्यांच्या आसपास आली की लावावी, ऐंशीच्या आसपास काढावी. थोडे थोडे चार्ज केल्याने आयुष्य घटते, हीही भीती नको. पन्नास-पन्नास टक्के दोनदा भरले तरी हिशेबात फेरी एकच धरतात. अर्थात लाईट जाणार हे ठाऊक असेल आणि उद्या दिवसभर शिवारात राहायचे असेल, तर बेलाशक शंभर टक्के भरून घ्या. अवजार आपल्यासाठी आहे, आपण अवजारासाठी नव्हे.

चार्जर घेताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण पाहावी. जत्रेतल्या स्वस्त चार्जरला विजेचा दाब धड सांभाळता येत नाही. आणि दोन-तीन वर्षांनी फोन दिवसभर टिकेनासा झाला, तर पुष्कळदा फोन बदलायचे कारण नसते, नुसती बॅटरी बदलली की भागते. दुकानात हा प्रश्न आपण होऊन विचारावा. तिकडून कोणी सुचवील, या भरवशावर राहू नये.

शेवटी फुगलेल्या बॅटरीबद्दल. फोनचे पाठीमागचे झाकण वर उचललेले दिसले, तर चार्जिंग त्याच क्षणी बंद करा. ती दाबून बसवू नका, टाचणीने टोचू नका. आतला वायू नि द्रव दोन्ही पेट घेतात. उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा ती दुरुस्तीच्या दुकानात नेऊन द्या, आणि नेईपर्यंत लेकरांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवा.