छातीतली जळजळ आणि मनाचे औषध



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा मालेत वक्त्याने राष्ट्र, साहित्य, तत्त्वज्ञान असे काही तरी उंचावरचे बोलावे, असा संकेत पडून गेला आहे. आज आम्ही मात्र आंबट ढेकरेविषयी बोलणार आहोत. आपण हसलात, हे बरे झाले. कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते हसण्यासारखे नाही.

उदासीनतेच्या आजारावर, ज्याला डॉक्टर ‘डिप्रेशन’ म्हणतात, औषध घेणारी माणसे आपल्या वाशीमात, कारंज्यात, रिसोडात, मानोऱ्यात घरोघर आहेत. ती बोलत नाहीत, एवढेच. त्यांपैकी कित्येकांना औषध सुरू झाल्यावर मळमळते, छातीत जळजळते, घशाशी आंबट येते. मग ती एक दिवस गुपचूप गोळी सोडून देतात. पित्त शमते, घरच्यांना वाटते बरे झाले. आणि महिन्या-दोन महिन्यांनी मूळ आजार दुप्पट जोराने परत येतो. आमचा जिल्हा कोणता, हे विसरून चालणार नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना खास मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. अशा ठिकाणी साध्या जळजळीपायी मनाचे औषध सुटणे, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्याची गोष्ट सांगण्यापेक्षा स्वतःची सांगतो. गेली तीस वर्षे आम्ही या जिल्ह्यात वैद्यकी करीत आहोत. काही वर्षांपूर्वी घरात एक मृत्यू घडला आणि आमचे मन बसले. झोप उडाली, रोग्याची नाडी धरली तरी लक्ष भलतीकडे जाई. परगावच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी आम्हांस एसिटालोप्राम नावाची गोळी दिली. ती आम्ही वाशीमच्या दुकानातून घेतली नाही, अकोल्याहून आणली. गावाला कळू नये म्हणून! दुसऱ्या आठवड्यात छातीत जळजळ सुरू झाली. आधी खाण्याचा सोडा घेतला, मग आपल्याच मनाने ओमेप्राझोल सुरू केले. गुडघा दुखत होता म्हणून डायक्लोफेनॅकही चालूच होते. यातले काहीही आम्ही त्या तज्ज्ञांना कळविले नाही. दीड महिन्यात मन सावरू लागले होते. पण जळजळ काही थांबेना. तेव्हा आम्ही एका सकाळी ती गोळी बंद केली. तीन दिवसांत डोके गरगरू लागले, मस्तकात विजेचे बारीक झटके बसावेत तसे होऊ लागले. ते आठवड्याभरात ओसरले. पण महिन्याभराने जुना अंधार पुन्हा दाटून आला.

आमच्या धाकट्या बहिणीने हे ओळखले. ती डॉक्टर नाही. ती म्हणाली, “दादा, दोन गोळ्यांचं भांडण असेल तर दोघींना एकाच डॉक्टरासमोर बसव ना. एकीला घराबाहेर कशाला काढतोस?” आजच्या व्याख्यानाचे सार या वाक्यात आहे.

आता हे भांडण होते तरी का? ज्या द्रव्याला आपण सेरोटोनिन म्हणतो आणि ज्याचा संबंध मनाच्या स्थितीशी जोडतो, ते प्रथम सापडले पोटात. इटलीतील एर्स्पामेर यांना ते १९३० नंतरच्या दशकात आतड्यांच्या अस्तरात आढळले. रक्तात सापडलेले सेरोटोनिन आणि ते एकच, हे १९५२ साली सिद्ध झाले. शरीरातील सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यांतच असते. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एसिटालोप्राम ही औषधे त्या द्रव्यावरच काम करतात. मग डोक्यासाठी घेतलेल्या गोळीची वार्ता पोटाला लागणार नाही, हे कसे होईल? सुदैवाने ही मळमळ बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप कमी होते. अमिट्रिप्टिलीन, इमिप्रामीन ही जुन्या घराण्यातली औषधे. त्यांची तऱ्हा निराळी. ती तोंड कोरडे पाडतात, जठर रिकामे होण्यास वेळ लावतात, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला असलेली झडप सैल करतात. झडप सैल झाली की जठरातील आम्ल वर चढणारच.

शिवाय आजारी मनाला थोडी जळजळही फार वाटते. गंमत अशी की, काही रोग्यांच्या हट्टी जळजळीवर पोटाचे तज्ज्ञ याच जातीची औषधे लहान मात्रेत देतात. म्हणजे मनाचे औषध हे पोटाचे जन्मजात वैरी नव्हे. आपल्या परंपरेलाही पित्ताची ओळख जुनी आहे. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा पित्त होणे ही लाजेची बाब कधीच नव्हती. मनाच्या आजाराचीच तेवढी का असावी?

तर करावे काय? प्रथम घरातले उपाय सांगतो. त्यांना दाम पडत नाही. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवे होऊ नये. सकाळची गोळी असेल तर न्याहारीनंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. रात्रीचे जेवण आणि अंथरूण यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालून तो सहा-आठ इंच उंच करावा. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडते आणि उपयोग होत नाही. शक्यतो डाव्या कुशीवर निजावे. तर्री, भजी, उपाशीपोटी तीन-तीन कप चहा यांना आवरावे. बेसन-भाकर सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यावरचा ठेचा कमी करा असे अवश्य म्हणू. आणि खर्रा! तंबाखू ती झडप सैल करते. जो मनुष्य तोंडात खर्रा धरून पित्ताची गोळी मागतो, तो गळक्या घागरीत पाणी भरतो आहे.

आता दुकानातल्या उपायांविषयी, कारण खरा धोका तेथे आहे. एक : ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल ही यकृतातील एका विकराला अडवतात. सिटालोप्राम, एसिटालोप्राम यांचा निचरा त्याच वाटेने होतो. वाट अडली की मनाचे औषध रक्तात वाढते. म्हणून ओमेप्राझोल घेणाऱ्याने सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमवर नेऊ नये, असा दंडक आहे. पँटोप्राझोलचा हा उपद्रव कमी. दोन : पित्ताच्या पुष्कळ कॅप्सुलांत डोम्पेरिडोन मिसळलेले असते. ते आणि सिटालोप्राम किंवा एसिटालोप्राम एकत्र आले, तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असतो. वृद्धांना व हृदयरोग्यांना विशेष. तीन : सेरोटोनिनवर चालणारी औषधे आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेतल्यास जठरात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. गुडघेदुखीची गोळी आमच्याकडे शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चार : सोड्याने घटकाभर बरे वाटते, पण त्यात मीठासारखेच सोडियम आहे; रक्तदाबवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये. आणि कोणतीही पित्ताची गोळी महिनोन्महिने स्वतःच्या अधिकारात गिळू नये.

याचा अर्थ घाबरून जाऊन सगळे फेकून द्यावे असा नाही. अर्थ एवढाच की, घरातली प्रत्येक गोळी, सोड्यापासून काढ्यापर्यंत, एका पिशवीत घालावी आणि ती पिशवी डॉक्टरांच्या मेजावर रिकामी करावी. मात्रा कमी करता येते, वेळ बदलता येते, औषधही बदलता येते. थांबवायचेच झाले तर हळूहळू उतरविता येते. आमच्या बाबतीत हेच घडले. गोळी न्याहारीनंतर आली, ओमेप्राझोल गेले, पँटोप्राझोल आले, डायक्लोफेनॅक बंद झाले, पलंगाखाली विटा आल्या. तीन आठवड्यांत जळजळ गेली आणि मन पुढे यथाक्रम सावरले.

मात्र काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, गिळताना घास अडकणे, कारणावाचून वजन उतरणे, यांपैकी काही दिसले तर विटांवर विसंबू नये. त्वरित डॉक्टर गाठावा. छातीतल्या जळजळीबरोबर घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ते पित्त नव्हे, हृदय आहे असे समजूनच धावावे. आणि औषधाच्या पहिल्या आठवड्यांत, विशेषतः तरुण माणूस, अधिक अस्वस्थ झाला किंवा मरणाची भाषा बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची विनामूल्य टेलि-मानस सेवा आहे. तेथे मराठीत बोलता येते.

श्रोतेहो, आमची चूक वैद्यकीय ज्ञानाची नव्हती. पुस्तके आम्ही वाचलेली होती. चूक होती ती अकोल्याहून गुपचूप गोळी आणण्याची. जे औषध लपवून घ्यावे लागते, त्याचा त्रासही लपवून सोसावा लागतो. आणि जे लपवून सोसले जाते, ते एक दिवस लपवूनच सोडले जाते. आपल्या घरात कोणी असे असेल तर आज त्याला एवढेच विचारा : “गोळीने पोटाला त्रास होतो का रे?” या साध्या प्रश्नातून पुढचे सारे बोलणे निघते.

आता आम्ही थांबतो. साडेआठ वाजून गेले आहेत. आपणांपैकी अनेकजण घरी जाऊन जेवतील आणि लगेच आडवे होतील. तेव्हा आमची अध्यक्षांना नम्र सूचना आहे की, पुढील वर्षी हे व्याख्यान जेवणानंतरच्या शतपावलीच्या वेळी ठेवावे.