नंगारा मागे का पडतो?



गेल्या काही वर्षांत आपल्या बंजारा तांड्यांवर एक नवी खोली दिसू लागली आहे. घराच्या मागच्या अंगाला असते. भिंतींना वाकळा टांगलेल्या, खिडकी गादीच्या तुकड्यानं बुजवलेली. आत एक लॅपटॉप, एक माइक, छोटा कीबोर्ड आणि बहुतेक वेळा कुणाकडून तरी जुना घेतलेला ऑक्टोपॅड. पोरं तिला स्टुडिओ म्हणतात, आणि माझ्या लेखी तो स्टुडिओच आहे. होळीच्या आधी तिथं लेंगी गीतं रेकॉर्ड होतात, १५ फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीसाठी सेवाभायाची गाणी तयार होतात. रामनवमीच्या यात्रेत इथं पोहरादेवीत ज्या चाली मोबाइलवर वाजत असतात, त्यातल्या कितीतरी अशा खोलीतून आलेल्या आहेत.

या खोल्यांमधून माझ्याकडं एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. "सर, वाजवताना बरोबर वाटतं. ऐकायला बसलो की नंगारा मागं पडलेला असतो." आज मी फक्त या मागं पडण्याबद्दल बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण या लहान गोष्टीपायी चांगल्या वादकांना आपण बेताल ठरवतो, आणि ते मी स्वतः केलेलं आहे.

बरीच वर्षं झाली. एका वयस्कर नंगारावादकांना मी रेकॉर्डिंगला बोलावलं होतं. आयुष्यभर भजनाला वाजवलेला माणूस. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला, त्यात लयीचा क्लिक सोडला आणि म्हणालो, बापू, याच्यावर वाजवा. पहिल्या दोन आवर्तनांत ठीक होतं, मग लय जड होत गेली. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी त्यांना म्हणालो, "बापू, तुम्ही मागं राहताय." ते काही बोलले नाहीत. काठ्या खाली ठेवल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझा हात मला उशिरा ऐकू येतो."

मला वाटलं, वय झालं. त्यांचं वाक्य शब्दशः खरं होतं हे कळायला मला फार वेळ लागला. त्यांचा नंगारा माइकमधून कॉम्प्युटरमध्ये जात होता, तिथं थांबत होता आणि मग त्यांच्या कानात येत होता. आपलाच आवाज आपल्याला उशिरा ऐकू आला की वादकाचा हात आपोआप मंदावतो. कितीही कसलेला वादक असो, हे होतं. चूक माझ्या यंत्रमांडणीत होती आणि दोष मी त्यांच्या हाताला दिला. ते आता नाहीत. म्हणून हे जाहीरपणे सांगतो आहे.

आता मुळात आत काय चालतं ते पाहू. पॅडवर काठी पडते तेव्हा पॅडमधून कॉम्प्युटरकडं आवाज जात नाही, निरोप जातो: अमुक सूर, इतक्या जोरानं, आता. या निरोपाच्या भाषेचं नाव मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका केबलनं जोडले आणि एकावर बोट ठेवलं की दुसराही वाजू लागला. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे यामागचे दोन मुख्य लोक. त्या कामासाठी २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. काकेहाशी म्हणजे रोलँड कंपनीचे संस्थापक, आणि आपल्याकडच्या प्रत्येक बॅंजो पार्टीत दिसणारा ऑक्टोपॅड त्याच कंपनीचा. १९८५ सालच्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो नुसता निरोप पाठवायचा.

जुन्या पाच पिनांच्या केबलमधून हा निरोप सेकंदाला ३१,२५० बिट इतक्या वेगानं जातो, म्हणजे एका ठोक्याच्या निरोपाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. सेकंदाचा हजारावा भाग. एकट्या ठोक्याला हे काहीच नाही. पण केबल अरुंद गाडवाटेसारखी आहे, एकामागं एकच गाडी जाते. दहा सूर एकदम दाबले तर दहावा सूर जवळपास दहा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. आपले कीबोर्डवाले सनईच्या आवाजात मींड काढायला बाजूचं चाक फिरवतात, तेव्हा त्या चाकाचे निरोप शेकड्यांनी सुटतात आणि नंगाऱ्याचा ठोका त्यांच्या मागं उभा राहतो. म्हणून जुनी केबल असेल तर ठेका आणि सनई एका वाटेनं पाठवू नका. यूएसबीच्या नव्या कीबोर्डांना ही अडचण फारशी नाही.

दहा मिलिसेकंद म्हणजे किती, हे आकड्यानं कळत नाही. मी फुटात सांगतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या हवेत आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदाला फूटभर. तुमच्यापासून दहा फुटांवर उभा असलेला नंगारा तुम्हाला नऊ-दहा मिलिसेकंद उशिरा ऐकू येतोच, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. वीस-पंचवीस फुटांवर गेला की थाळी वाजवणाऱ्याला जुळवून घ्यावं लागतं. शंभर फुटांवर गेला की जुळतच नाही. यात्रेत पुढची माणसं आणि पार मागची माणसं एकाच भजनावर टाळ्या देतात, तेव्हा त्या टाळ्यांची लाट का होते ते आता लक्षात येईल. मागच्यांची टाळी बेताल नसते. त्यांच्यापर्यंत ठोका उशिरा आलेला असतो.

म्हणून कॉम्प्युटरमध्ये पन्नास मिलिसेकंदांचा उशीर झाला की मी पोरांना सांगतो, तू नंगारा पन्नास फूट लांब नेऊन ठेवलास आणि लांब काठीनं वाजवतो आहेस.

आता मानोरा तालुक्यातल्याच एका तांड्यावरची संध्याकाळ सांगतो. मुलगा विशीतला, आवाज गोड, हात चांगला. तक्रार तीच. मी त्याला दोन प्रश्न विचारले आणि तुम्हीही स्वतःला आधी हेच दोन विचारा. उशीर वाजवतानाच जाणवतो की फक्त नंतर ऐकताना? आणि उशीर दर वेळी तेवढाच असतो की कमी-जास्त होतो? दूधवाला रोज अर्धा तास उशिरा येत असेल तर घर त्याप्रमाणं चहा ठेवतं. तो कधी सातला, कधी पावणेआठला यायला लागला की घराचं वेळापत्रकच राहत नाही. वादकाचंही असंच आहे. ठरलेल्या उशिराशी हात काही प्रमाणात जुळवून घेतो, भटकणाऱ्या उशिराशी कधीच नाही.

तो म्हणाला, "दोन्ही होतं सर." मग आम्ही मोजलं. मोजायला काही विकत आणायचं नसतं. मोबाइल पॅड आणि स्पीकर यांच्यामध्ये ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्याला सावकाश दहा ठोके द्यायला सांगितलं. मोबाइलमध्ये दोन आवाज येतात: काठी रबरावर पडल्याचा 'टक' आणि स्पीकरमधून आलेला नंगाऱ्याचा 'धम्म'. ती फाइल लॅपटॉपवर उघडून मोठी केली की दोन टेकड्या दिसतात. त्यांच्यातलं अंतर हाच तुमचा उशीर. आमच्या दहांपैकी आठ ठोक्यांत तो ४४ ते ४७ मिलिसेकंद निघाला. दोन ठोक्यांत मात्र साठच्या आसपास. पोरगा पडद्याकडं बघत राहिला. त्याला वर्षभर घरचे सांगत होते की तुझा हात बसत नाही.

पहिलं कारण बफर. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं देत नाही, बादली भरली की ओततो. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतील आणि बादली १०२४ नमुन्यांची असेल तर ती भरायलाच २३ मिलिसेकंद लागतात. १२८ ची केली तर जेमतेम तीन. त्याच्याकडं १०२४ होती. त्यातून साउंड कार्डाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकलेलाच नव्हता. विंडोजच्या साध्या वाटेनं आवाज फिरून येत होता. ड्रायव्हर टाकला, बादली १२८ ची केली, पुन्हा दहा ठोके. तेरा मिलिसेकंद. आता नंगारा हाताच्या बाहेर नव्हता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि तेवढं चालतं.

पण बादली लहान केली की ती भरून देणाऱ्याची धावपळ वाढते. लॅपटॉपला ते झेपेना आणि आवाजात कटकट सुरू झाली. इथं पुष्कळ जण घाबरून पुन्हा १०२४ वर जातात. तसं करू नका, मध्ये कोण आडवं येतं ते शोधा. आमच्या खोलीत वायफाय चालू होतं, ते बंद केल्यावर अर्धी कटकट गेली. उरलेली का जात नाही ते बराच वेळ कळेना. मग त्याची आई दारातून म्हणाली की लाइट गेलेली आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता आणि वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरनं स्वतःचा वेग उतरवला होता. आपल्या भागात हे कारण पुस्तकात दिलेल्या सगळ्या कारणांच्या आधी तपासा. पॉवरच्या सेटिंगमध्ये पूर्ण वेग ठेवा, आणि लाइट नसेल तेव्हा जमलं तर फक्त गाणं घ्या, पॅड घेऊ नका.

साठ मिलिसेकंदांवर जाणारे ते दोन ठोके अजून अधूनमधून येत होते. पॅड, कीबोर्ड, माउस आणि साउंड कार्ड, सगळं एकाच स्वस्तातल्या यूएसबी हबवर टांगलेलं होतं. साउंड कार्ड आणि पॅड थेट लॅपटॉपला लावले आणि भटकंती थांबली.

काही कारणं झटकन सांगून टाकतो. ब्लूटूथ हेडफोन लावून कधीही वाजवू नका. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज असतो, म्हणजे नंगारा गावाच्या वेशीवर. ठोका दोनदा वाजल्यासारखा, पोकळ ऐकू येत असेल तर पॅडचा स्वतःचा आवाज आणि कॉम्प्युटरचा आवाज दोन्ही चालू आहेत. पॅडमध्ये 'लोकल' बंद करा. गाणं सुरुवातीला जुळतं आणि शेवटाकडं सरकत जातं, असं असेल तर तो उशीर नव्हे, दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालताहेत. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओला गाणं लावताना हे नेहमी घडतं.

एक कारण मात्र सावकाश सांगायला हवं. गाणं मोठं वाजावं म्हणून पोरं मुख्य ट्रॅकवर लिमिटर टाकतात. असले कित्येक लिमिटर पुढं काय येतंय ते बघण्यासाठी सगळं गाणं थोडं रोखून धरतात. आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक सॉफ्टवेअर आपोआप जुळवून घेतं, पण आत्ता हातानं वाजणारा नंगारा त्या रोखलेल्या वेळेइतका उशिराच ऐकू येतो. वाजवताना ती सगळी सजावट बंद ठेवा, मिक्सिंगला बसाल तेव्हा लावा.

हे सगळं झाल्यावर त्या संध्याकाळी त्याच्या काकांनी थाळी घेतली आणि मुलानं पॅडवर नंगारा. मी पडद्यावर दोन्ही ट्रॅक एकाखाली एक मोठे करून पाहिले. थाळी दर वेळी नंगाऱ्याच्या थोडी आधी पडत होती, बारा-पंधरा मिलिसेकंद. आम्ही यंत्राचा उशीर तर काढलेला होता, मग हा कुठला? मुलानं लगेच क्वांटाइजचं बटण दाबलं. सगळे ठोके रेघेवर जाऊन बसले. वाजवून पाहिलं. काका म्हणाले, "हे कुणी वाजवलं?"

त्यांची थाळी नंगाऱ्याला बोलावते, नंगारा तिच्या मागोमाग येतो. ती तुटपुंजी फट दोन माणसांच्या सवयीतून आलेली आहे, एका वाद्यानं दुसऱ्याची वाट पाहण्यातून. माझं आज एवढंच म्हणणं आहे की उशीर दोन प्रकारचे असतात, एक यंत्राचा, एक माणसांचा. पहिला मोजून शक्य तितका हाकलून लावा. दुसऱ्याला बटण लावू नका. आणि पहिला गेल्याशिवाय दुसरा दिसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. मुलानं क्वांटाइज मागं घेतलं. ते गाणं तसंच आहे.

इथून जवळच नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत उभी आहे, तेरा दालनांचं संग्रहालय. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिचं उद्घाटन झालं. आपला इतिहास तिथं जपलेला आहे, त्याचा मला आनंद आहे. पण नंगाऱ्याची चाल काचेमागं ठेवता येत नाही. ती आज ज्या खोल्यांत रेकॉर्ड होते, त्या वाकळा टांगलेल्या खोल्यांतलं रेकॉर्डिंगच पुढच्या पिढीला ऐकायला मिळणार आहे. तिथं लय यंत्रानं वाकवलेली असेल तर नातवंडं तीच खरी समजतील.

मी लॅपटॉप आणि साउंड कार्ड सोबत आणलं आहे. उशीर फक्त नंतर ऐकताना जाणवत असेल तर तो मोजायला ही हातभर केबल साउंड कार्डाच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये लावतो. कॉम्प्युटर एक क्लिक वाजवेल आणि तोच पुन्हा रेकॉर्ड करेल. दोघांत जितक्या नमुन्यांचं अंतर दिसेल, तेवढा आकडा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भरायचा, म्हणजे माइकवर घेतलेली थाळी जागेवर बसते. ज्यांनी आपले लॅपटॉप आणले आहेत त्यांनी पुढं या. मागं नंगारा ठेवलेला आहे, तोही कुणीतरी उचलून आणा. पहिला ठोका त्याच्यावरच मोजू.