मुंबईत कुठे जेवायचं? आधी वेळ विचारा!

मुंबईत नवीन आलात आणि ऑफिसात कुणाला विचारलंत, 'चांगलं कुठे मिळतं?', तर खरा मुंबईकर नुसतं नाव सांगून थांबत नाही. काय मागवायचं, किती वाजता जायचं, तेही सांगतो. स्टार रेटिंगमध्ये हे कुठे सापडतं?

बॅलार्ड इस्टेटचं 'ब्रिटानिया' घ्या. १९२३ पासूनचं, बेरी पुलावासाठी जायचं, पण दुपारी. रात्रीचा बेत तिथे नको. धोबीतलावचं 'कयानी' सकाळचं, बन मस्का आणि चहा. दादरला 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा, वर पियुष. बास.

आणि पीजीत राहून डब्याला कंटाळला असाल, तर माझं मत विचाराल तर माटुंगा. मध्य रेल्वेचं स्टेशन हं! तिथे जवळच रामा नायक यांचं उडुपी आहे, १९४२ सालचं. दक्षिणेतून नोकरीला आलेली एकटी पोरं जेवणार कुठे, म्हणून तर अशी बोर्डिंगं चालली. केळीच्या पानावर पोटभर वाढतात. एकटं बसून जेवायला तिथे अजिबात अवघडल्यासारखं होत नाही, आणि नवीन शहरात याची किंमत फार असते. पानात टाकू मात्र नका. रविवारी दुपारी रांग असते, तेव्हा भूक लागायच्या आधीच निघा.