राखेचे सिमेंट आणि पाणी मारणारी बाई



या व्यासपीठावर मोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री पुस्तके उघडून. तेव्हा इंजिनियरांनी सांगायचे ते त्यांनी सांगावे. मी गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी सांगणार आहे.

माझे आजोबा चुन्याच्या घाण्यावर होते. बैल गोल फिरे, दगडी चाक चरातून जाई आणि चुन्यात सुरखी मळली जाई. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. भट्टीवर मोडलेल्या, गिऱ्हाइकाने नाकारलेल्या विटा कुटून ती करीत. टाकाऊ मालातून मजबुती काढण्याची ही विद्या काही आजची नव्हे. मुल्लपेरियारचे धरण १८९५ साली पुरे झाले ते चुना-सुरखीतच. रोमन लोक ज्वालामुखीची राख घालीत, एवढाच फरक.

आज सुरखीच्या जागी विजेच्या कारखान्यातली राख आली आहे. आपल्या देशातला कोळसा राखेचा. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख मागे राहते. धुरातून पकडलेली बारीक राख ती फ्लाय अ‍ॅश. ती उघड्यावर पडली तर शेत, विहीर आणि माणसाची छाती, तिन्ही नासवते. १९९९ साली केंद्र सरकारने विजेच्या कारखान्यांच्या आसपास ती राख विटांत आणि बांधकामात वापरण्याचे बंधन घातले, ते योग्यच झाले.

राखेने काम कसे होते? सिमेंटला पाणी लागले की ते घट्ट होते, पण त्याबरोबर थोडा चुना मोकळा सुटतो. हा चुना एरवी पाण्याबरोबर झिरपून जायचा. राखेतील सिलिका त्याला धरते आणि त्याचाच नवा बांध तयार करते. बारीक छिद्रे बुजतात, पाणी कमी मुरते, काँक्रीट तापतेही कमी. अमेरिकेत हंग्री हॉर्स धरण १९५३ साली राख घालूनच पुरे झाले. आपल्या अकोले तालुक्यातल्या घाटघरच्या धरणांत तर सिमेंटपेक्षा राख अधिक आहे. लोखंडाच्या भट्टीची मळीही अशीच उपयोगी पडते. लालबुंद असताना पाण्याने एकदम निववून दळली, की सिमेंटात निम्म्याहून जास्तसुद्धा चालते.

तेव्हा ‘राखेचे सिमेंट म्हणजे भेसळ’ असे जे घरोघरी बोलले जाते, ते खरे नाही. पोत्यावर पीपीसी अशी अक्षरे पाहा. त्यात १५ ते ३५ टक्के राख कारखान्यातच मोजून, दळून घातलेली असते. ठेकेदार त्यावर आणखी दोन घमेली राख मिक्सरमध्ये ढकलतो, ती मात्र भेसळच.

पण ही राख सावकाश काम करते, आणि ओल असेल तोवरच करते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी सांगितले आहे, राखेच्या सिमेंटला किमान दहा, आणि जमल्यास चौदा. म्हणजे राखेने सिमेंटचे पैसे वाचतात, त्यातले थोडे पाण्यावर आणि पाणी मारणाऱ्या माणसावर परत खर्च करायचे असतात. ठेकेदार पहिला हिशेब बरोबर करतो. दुसरा त्याला आठवत नाही.

२०११ च्या एप्रिलात आमच्याच गावात एका दुमजली इमारतीचा स्लॅब पडला. पडला म्हणजे ओतला, घाबरू नका. सिमेंट राखेचे. पाणी मारायला एक बाई होती. चौथ्या दिवशी टँकर बंद, बाईचा रोज बंद. गोणपाट वाळून कडक झाले. टेकू काढले तेव्हा कडेला नखाने पीठ निघत होते आणि मधोमध केसाएवढ्या चिरा. घरमालक म्हणाला, राखेने घात केला. ठेकेदार म्हणाला, गवंड्याने हात राखला, आणि त्याचे पंधरा दिवसांचे पैसे अडकवले.

तो गवंडी माझ्याकडे आला. ‘दादा, माप बरोबर होतं,’ एवढेच म्हणत होता. मी मानकाचे पुस्तक मिळवले. इंग्रजी, शब्दकोश शेजारी घेऊन दोन रात्री ते एक कलम लावले. मग ठेकेदाराच्याच इंजिनियरसमोर पान उघडून ठेवले. त्याने वाचले, चष्मा काढला आणि पाणी किती दिवस मारले म्हणून विचारले. कोणी बोलेना. हजेरीचे बुक मागवले. पाणी मारणाऱ्या बाईच्या नावापुढे तीनच खुणा होत्या.

गवंड्याचे पैसे त्याच आठवड्यात सुटले. स्लॅबवर पुन्हा खर्च झाला, तो ठेकेदाराने सोसला. त्या बाईचे राहिलेले अकरा दिवस मात्र आम्हांला मागता आले नाहीत, कारण त्या दिवसांत ती कामावर नव्हती.